सटीच्या दिवशी कुत्रं जेवेना

माणसांच्या डॉक्टरचं बरं असतं. तो विचारतो, काय होतंय, आणि रोगी सांगतो. आमच्या धंद्यात रोगी तेवढा गप्प, बाकी घरदार, शेजारीपाजारी आणि रस्त्याने जाणारे सगळे बोलतात. त्यातून खरं निवडणं म्हणजे तांदळातले खडे निवडण्यासारखं. फरक इतकाच, की आमच्या सुपात खडे जास्त आणि तांदूळ कमी.

मी सलोतरी होतो. निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणत. हैदराबादला शिकून आलो आणि परभणी जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावी दवाखान्यावर माझी नेमणूक झाली. दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली बैल आडवा पाडण्यापुरती मऊ माती. सरकारच्या लेखी जनावर म्हणजे घोडा, बैल आणि म्हैस. कुत्रं, मांजर, पोपट यांची गणती जनावरांत नव्हती. ती घरच्यांच्या लेखीही नव्हती, कारण ती घरातली माणसंच होती. आजारी बैलाला घेऊन एकटा गडी यायचा. आजारी मांजराला घेऊन सगळं घर यायचं, आणि मांजर सोडून सगळे रडत असायचे.

संपादकांनी गळ घातली आहे की पाळीव प्राण्यांची वर्षभर निगा कशी राखावी ते लिहा. ते चार ओळींत लिहून होतं. उन्हाळ्यात पोपटाचा पिंजरा पत्र्याखाली टांगू नका आणि पाण्याची वाटी मातीची ठेवा. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बघा, गोचीड तिथेच बिऱ्हाड करतो. दिवाळीत फटाके वाजायच्या आधी त्याला आतल्या खोलीत घ्या. आणि हिवाळ्यात चूल पेटवण्याआधी राखेत हात घालून मांजर बाहेर काढा.

शेवटचं वाचून हसू नका. थंडी पडली की मांजरं रात्री चुलीतल्या उबदार राखेत जाऊन झोपतात, आणि सकाळी घरातली बाई अर्धवट डोळ्यांनी काडी ओढते. मिशा जळालेली मांजरं हिवाळाभर माझ्याकडे येत. एकदा एक बाई मांजर पदरात गुंडाळून आली आणि म्हणाली, "सलोतरी, ह्याच्या मिशा पुन्ना यतील का ओ? आमच्या मालकाला लय वाईट वाटायलंय." मालक शेजारीच उभे होते. त्यांच्या स्वतःच्या मिशाही एका बाजूने साफ जळाल्या होत्या. मांजर काढायला चुलीत तेच वाकले होते. मी दोघांनाही तेच मलम दिलं. मांजराच्या मिशा आधी आल्या, म्हणून ते गृहस्थ माझ्यावर बरेच दिवस नाराज होते.

आमच्या गावचे गिरदावर साहेब, म्हणजे गावोगाव फिरून जमिनी तपासणारे अंमलदार, मोठे दराऱ्याचे. त्यांच्यासमोर बोलायची छाती गावात एकाच जिवाला होती, ती त्यांच्या पोपटाला. तोच एकदा गप्प झाला. साहेब पिंजरा घेऊन स्वतः आले. "सलोतरी साब, मिठ्ठू बाताँ नै करता. देखो तो क्या हुआ इसकु." इतका मोठा माणूस, पण पिंजरा खाली ठेवायला तयार नव्हता. पोपट पिसं टाकत होता, दुसरं काही नाही. त्या दिवसांत पाखरू मलूल होतं. मी म्हटलं, वारा लागू देऊ नका, कोवळं ऊन दाखवा, भिजवलेला हरभरा द्या आणि धीर धरा. साहेबांनी कचेरीचं सगळं काम पिंजऱ्याशेजारी हलवलं. नवी पिसं आली आणि पोपट बोलायला लागला, पण जुनं सगळं विसरून एकच वाक्य बोलायला लागला: "कल आव! कल आव!" साहेब महिनाभर दारी आलेल्या प्रत्येकाला जे म्हणत होते ते त्याने उचललं होतं. पुढे तहसीलदार साहेब भेटीला आले तेव्हा त्यांनाही दारातच "कल आव" ऐकावं लागलं. गिरदावर साहेब पिंजरा उचलून आत पळाले, पण तहसीलदार हसत सुटले म्हणून निभावलं.

असं सगळं हसण्यावारी जायचं. पण धंद्यातली खरी अडचण वेगळी होती. पाळलेलं जनावर उपासमारीने आजारी पडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. ते आजारी पडतं लाडाने. आणि "काय खायला घातलं?" असं विचारलं की घरात कुणीच काही घातलेलं नसतं. सगळ्या हातांना तुपाचा वास येत असतो आणि सगळे देवाशपथ सांगत असतात की सकाळपासून कुत्र्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. याच सवयीपायी एक लग्न मोडता मोडता राहिलं. ते मात्र सविस्तर सांगतो.

ताडकळसच्या बाजारापासून बैलगाडीने थोडं आत गेलं की एक गाव लागतं. तिथे मी जनावरांना लस टोचायला गेलो होतो. दिवस चंपाषष्ठीचा. आमच्याकडे तिला सट म्हणतात. खंडोबाचा सण. चातुर्मासात सोडलेलं वांगं आणि कांदा या दिवशी पुन्हा पानात येतात, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य असतो. कुत्रं हे खंडोबाचं, म्हणून त्याचा मान मोठा. गावचे माणिकराव पाटील यांच्या घरची रीत अशी होती की नैवेद्याचा पहिला घास घरच्या कुत्र्याने घ्यायचा, मगच माणसांनी उपास सोडायचा. कुत्र्याने घास घेतला म्हणजे देवाने घेतला.

नेमका त्याच दिवशी पाटलांच्या मुलीच्या, काशीच्या, सोयरिकीची सुपारी फुटायची होती. काशी अठरा उलटून गेलेली. त्या काळात एवढी मुलगी घरात म्हणजे आईबापाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आधीच्या दोन सोयरिकी कुठे ना कुठे अडल्या होत्या. हा तिसरा मुलगा पोखर्णीकडचा, नाव रंगनाथ. तो काशीच्या मनात भरला होता. बघायला आला तेव्हा सगळे पाहुणे सुपारी कातरत बसले होते आणि हा मात्र पाटलांच्या कुत्र्याच्या कानातला गोचीड काढत बसला होता, असं काशीच्या आईने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. मला तर तो तेवढ्यावरच पसंत पडला.

रंगनाथला आईबाप नव्हते. त्याला वाढवलं त्याच्या विधवा आत्याने. गोदाआत्या. उंच, शिडशिडीत, कपाळ मोकळं आणि नजर अशी की बैलसुद्धा नीट उभा राहील. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

दुपारी तळी उचलली, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं, भंडारा उधळला. माणसं पिवळी झाली, घर पिवळं झालं. पळसाच्या पानावर रोडगा, भरीत, कांद्याची पात असा नैवेद्य अंगणात मांडला आणि कुत्र्याला आणलं. त्याचं नाव खंड्या. खंड्या आला, पानाचा वास घेतला, जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मोठी जांभई दिली आणि पानाकडे पाठ करून आडवा झाला.

अंगण गार पडलं.

"लाजायलंय," काशीचा चुलता म्हणाला. "पाव्हणे बगून लाजायलंय. तिकडं तोंड करा सगळे." सगळ्यांनी तोंडं फिरवली. परत वळून पाहिलं तर खंड्या तसाच. काशीच्या आईने रोडग्यावर तुपाची धार धरली. खंड्याने उसासा टाकला. माणिकराव पाटील, ज्यांच्यासमोर गाव वाकायचं, ते गुडघ्यांवर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि कुत्र्याच्या विनवण्या करायला लागले. "खा की रे माज्या राजा. येक घास. लेकरू न्हाईस का माजं तू? बापाची आबरू राख." चुलत्याने त्याला कसं खायचं ते करून दाखवण्यासाठी पानाजवळ तोंड नेलं, तेव्हा घास त्याच्याच तोंडात जातो की काय म्हणून बायकांनी त्याला मागून ओढलं. मला हसू दाबता येईना. मी उपरण्यात तोंड घातलं.

पण गोदाआत्या हसत नव्हती. ती उठली. "पाटील, आता बास. देवाच्या मनात न्हाई. कुत्र्यानं घास घेतला न्हाई, आमी सुपारी कशी घ्यावी? रंगनाथ, बैलं जुंप."

रंगनाथ उठला, पण बैलांकडे जाईना. एकदा आत्याकडे, एकदा कुत्र्याकडे बघत नुसता उभा राहिला. माजघराच्या दाराआडून कुणीतरी हुंदका दिला आणि काशीच्या आईने पदर तोंडाला लावला. तेव्हा माझं हसू पळालं.

आणि तेव्हाच मी कुत्र्याकडे कुत्रं म्हणून पाहिलं. तोवर मीही त्याच्याकडे देवाचा दूत म्हणूनच बघत होतो. खंड्याच्या तोंडातून लाळ गळत होती. तो उठायचा, जागा बदलायचा, पुन्हा पडायचा. मी जाऊन पोटावर हात ठेवला आणि बोटाने टिचकी मारली. डफ वाजला.

"आत्याबाई, थांबा," मी म्हटलं. "कुत्रं आजारी आहे."

"आजारी पडाया त्याला आजचाच दिस गावला का?" आत्या म्हणाली. "हीच तर खूण हाय."

मी विचारलं, "पाटील, याला सकाळपासून काय घातलं?"

"काईबी न्हाई," पाटील म्हणाले. "देवाशपथ," चुलता म्हणाला. "पाण्याचा थेंब न्हाई ओ," काशीची आई म्हणाली. तिघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

आता माझी पंचाईत बघा. त्याचं पोट रिकामं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, नाहीतर तासाभरात कुत्रं हातचं जाणार. सटीच्या दिवशी, सुपारीच्या मुहूर्तावर, खंडोबाचं कुत्रं अंगणात मेलं असतं तर काशीचं लग्न त्या जिल्ह्यात झालंच नसतं. आणि सगळ्यांसमोर ओकलं असतं, तर आत्या म्हणाली असती, देवाने घेतलेलंही परत दिलं. म्हणून मी म्हटलं, "याला जरा मागे फिरवून आणतो. कोमट पाण्यात मीठ आणि वाटलेली मोहरी कालवून पाठवा. आणि एक माणूस द्या, जबडा धरायला."

"मी धरतो," रंगनाथ म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला, की आत्याने त्याच्याकडे वळून पाहिलं.

कडब्याच्या गंजीमागे आम्ही खंड्याला नेलं. पाण्याचा तांब्या घेऊन आली ती काशी. डोळे सुजलेले, पण हात स्थिर. रंगनाथने तोंड धरलं, मी ओठाची खोळ ओढली, काशीने धार सोडली. (आजचे डॉक्टर या मिठाच्या पाण्याला नाकं मुरडतात आणि ते बरोबर आहेत. तुम्ही घरी करून बघू नका. आणि कांदा-लसणाचं भरीत कुत्र्याला मुळीच घालू नका, ते त्याला बाधतं. तेव्हा मला तरी ते कुठे माहीत होतं!) थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खंड्याने पाय रोवले, पोट आत ओढलं, आणि जे बाहेर यायला लागलं ते थांबेचना. रोडगा आला. भरीत आलं. पुन्हा रोडगा. सायीत भिजलेली भाकर. आणखी रोडगा. एवढं एका कुत्र्यात कसं मावलं हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी गुळाच्या दशमीचा एक मोठा तुकडा आला.

काशीने वाकून पाहिलं. लाज, रडणं सगळं विसरली. "दशमी? आमच्यात तर आज दशमी केलीच न्हाई."

रंगनाथचं तोंड कानापर्यंत लाल झालं. "माजी हाय," तो म्हणाला. "परतीच्या वाटंला बांधलेली. पाय धुवायला मागं आल्तो तवा चारली तेला. मनलं, बगावं, आज जेवतंय का न्हाई. जेवलं मंग माजा जीव भांड्यात पडला."

काशी त्याच्याकडे बघतच राहिली. मग खाली बघून म्हणाली, "मी बी चारलं. पहाटंला. मला बी तेच बगायचं व्हतं." तिला आता हसू फुटायला लागलं होतं. "आन् आई बी चारायलती, गोठ्याआड उबं राहून. काका बी. बाबा तर धोतराच्या सोग्यात रोडगा लपवून घिऊन गेल्ते, मी बगितलं. सगळ्यायला येकच भ्या, आज कुत्रं जेवलं न्हाई तर कसं!"

मग तिघेही हसायला लागलो. मी खरं तर त्या बिचाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, पण हसून हसून मला धड बसता येईना. आख्ख्या घराने लपूनछपून कुत्र्याची रंगीत तालीम घेतली होती. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकट्यानेच घेतली. खरा प्रयोग सुरू झाला तेव्हा नटाच्या पोटात जागा नव्हती. खंड्या मात्र हलका झाला होता. त्याने डोळे उघडले आणि शेपूट एकदा मातीवर आपटलं.

हसता हसता वर पाहिलं तर गंजीच्या कोपऱ्याशी गोदाआत्या उभी. कधीपासून उभी होती देव जाणे. काशी गंजीत शिरायचीच बाकी होती. रंगनाथ उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, माजं चुकलं."

आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याशी बोलली. "सलोतरी, खरं सांगा. पोट भरल्यालं असलं तर कुत्रं देवाचा बी घास घेईना का?"

"आत्याबाई, पोट भरल्यावर कुत्रं कुणाचाच घेत नाही. त्यात देवाचा राग नाही नि लोभ नाही."

ती एकदम कडब्याच्या पेंडीवर बसली. मग म्हणाली, "आमच्या म्हायेरी बी हीच रीत व्हती. माज्या पयल्या सोयरिकीला आमचं कुत्रं असंच जेवलं न्हाई. पाव्हणे उटून गेले. चांगला व्हता वो पोरगा. मंग मला दुसरीकडं दिली. त्या दिशी पहाटंला मीच तेला रोडगा चारल्ता. साय घालून. जेवतंय का बगाय. आन् इतकी वर्सं मी देवाला बोल लावायले, का रे माज्यावर रुसलास मनून!"

आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग पदर घसरला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसतच होती. काशी हळूच येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ते हसणं होतं की रडणं, हे मी ठरवायला गेलो नाही.

आत्या अंगणात परत गेली ती मात्र पहिल्यासारखी ताठ. "पाटील, ताटं वाढा. सुपारी आणा."

"पन आत्याबाई," माणिकराव चाचरले, "कुत्र्यानं घास..."

"घेतला. सकाळीच घेतला, सगळ्याच्या आदी घेतला. माज्या रंगनाथच्या हातचा घेतला, तुमच्या लेकीच्या हातचा घेतला. आनखी कुणाकुणाच्या हातचा घेतला, सांगू का समद्यापुढं?"

पाटलांनी फेटा घाईघाईने डोक्यावर घातला. चुलता विहिरीकडे काहीतरी काम आठवून निघाला. काशीची आई सुपारी आणायला पळाली, इतकी पळाली की तबकातला भंडारा वाटभर सांडत गेला. सुपारी फुटली. खंड्याला मी उद्यापर्यंत पाण्याशिवाय काही देऊ नका अशी सक्त ताकीद दिली आणि या वेळी त्याच्यावर पहारा ठेवला.

मग पंगत बसली. आत्याचं ताट मानाचं म्हणून ओसरीवर वेगळं मांडलं होतं, मी त्याच्या अलीकडेच बसलो होतो. भुकेने सगळ्यांचे जीव कासावीस झाले होते, सगळे तुटून पडले. आत्या मात्र रोडग्याला हात न लावता बसली होती. थोड्या वेळाने माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "सलोतरी, आमचं ते कुत्रं. तेला बी असा तरास झाला असंल का वो? तेच्याकडं कुणी बगितलंच न्हाई. समदे पाव्हण्याकडं बगायलते."

मी म्हटलं, "एका रोडग्याने काही होत नाही, आत्याबाई. दुपारभर झोपलं असेल, आणि संध्याकाळी भूक लागल्यावर शेपूट हलवत दारात आलं असेल."

"आल्तं," ती म्हणाली. "सांच्याला आल्तं. पानापशी बसून घास मागायलतं. तवर पाव्हणे गेल्ते."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. आत्याने पदराने डोळे पुसले, रोडगा कुस्करला आणि भरीत घेऊन आलेल्या काशीकडे मान वर करून म्हणाली, "वाढ की ग जरा. हात आखडू नको, सूनबाई."